मॅशिंगसाठी अचूक आणि पाण्यात बुडवता येणारा थर्मामीटर कसा निवडावा?

फेसाळ (प्रश्न):
घरी बीअर तयार करताना मी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर वापरत आलो आहे. वाफेमुळे आता त्याच्या पडद्याआड पाणी साचते आणि एकाच मॅशमध्ये (म्हणजे भरडलेला माल्ट, अर्थात मोड आणून वाळवलेले धान्य, आणि गरम पाणी यांच्या मिश्रणात) लागोपाठ घेतलेल्या नोंदींत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, त्यामुळे नवा घेणे भाग आहे. ०.१ अंशापर्यंत आकडा दाखवणारे आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणवणारे पुष्कळ प्रकार मिळतात. परंतु अचूकता नेमकी किती असावी, सेन्सर कोणत्या जातीचा घ्यावा आणि आयपी६७ असे लिहिलेले उपकरण गरम वॉर्टमध्ये (मॅशमधून निघणाऱ्या गोड द्रवात) खरोखर टिकते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मंदआच:
आधी अचूकतेचे बोलू, कारण सेन्सरची निवड तिच्यावरूनच ठरते. माल्टमधील स्टार्चची साखर करणारी मुख्य विकरे दोन. त्यांपैकी बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमाने काम करते आणि यीस्टला सहज आंबवता येणारी माल्टोज साखर देते. अल्फा-अमायलेज मात्र ७० अंशांच्या आसपास अधिक सक्रिय असते आणि यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्या मागे ठेवते. त्यामुळे ६५ अंशांना मॅश केलेली बीअर कोरडी होते, तर ६९ अंशांना केलेली जड आणि भरीव लागते. सारा फरक चार अंशांत सामावलेला असताना दोन अंश चुकणारे उपकरण काय कामाचे? ६० ते ७५ अंशांच्या पट्ट्यात अर्ध्या अंशाची अचूकता मिळाली की पुरे. पडद्यावरचा ०.१ हा आकडा केवळ वाचनाचा बारीकपणा सांगतो. तो खरा आहे, असे सांगत नाही.

के जातीचे थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर) अत्यंत चपळ असते, पण सर्वसाधारण दर्जाच्या तारेलाच दोन अंशांहून थोडी अधिक चूक होण्याची सूट दिलेली असते आणि वाचणाऱ्या यंत्राची चूक त्यात वेगळी मिळते. भट्टीसाठी ते ठीक, मॅशसाठी नाही. अ वर्गाच्या प्लॅटिनम सेन्सरची चूक या तापमानाला ०.३ अंशाच्या आत राहते, मात्र तो महाग पडतो. शून्य ते शंभर अंशांच्या कामाला चांगला थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा सेन्सर) असलेला प्रोब, म्हणजे द्रवात बुडवायची सेन्सरची नळी, मला सर्वांत योग्य वाटतो, आणि यीस्ट घालण्यापूर्वी वॉर्ट पुरेसा निवला आहे की नाही हे पाहण्यासही तोच चालतो.

झाकणबंद:
अचूकतेबद्दल वर लिहिलेले पटते, पण बरेचसे प्रोब चुकीच्या सेन्सरमुळे नव्हे, तर आत शिरलेल्या पाण्यामुळे निकामी होतात. आयपी६७ याचा अर्थ इतकाच की उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवले तरी आत अपायकारक प्रमाणात पाणी गेले नाही. ही चाचणी उकळत्या, साखरेने चिकट झालेल्या द्रवात होत नाही. शिवाय तो शिक्का पुष्कळदा हातात धरायच्या भागापुरता असतो. खरी कमजोर जागा म्हणजे पोलादी नळी आणि केबल यांचा सांधा. तेथे नळी केवळ दाबून बसवलेली असेल आणि केबलवर विणलेले वेष्टण असेल, तर वॉर्ट त्या विणीतून आत झिरपतो आणि आकडे भरकटू लागतात. म्हणून सांधा पूर्ण बंद केलेला, केबल सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची, आणि प्रोब वेगळा बदलता येईल असे उपकरण पाहावे. भांड्याला तळाशी बंद असलेली पोलादी नळी कायमची बसवून प्रोब तिच्यात सरकवता आला, तर हा प्रश्नच उरत नाही. फक्त आकडा स्थिरावायला थोडा अधिक वेळ लागतो.

काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर मात्र मॅशमध्ये घालू नये. तो फुटला तर सगळा घाणा टाकून द्यावा लागेल.

फेसाळ:
दोघांचेही आभार. नवा प्रोब खरा आकडा दाखवतो की नाही, हे घरी कसे तपासावे? आणि भांड्याला बसवायच्या काट्याच्या तबकडीवर विसंबता येईल का?

मंदआच:
बर्फ बारीक कुटून, त्याच्या फटी भरतील इतकेच पाणी घालून ढवळावे आणि प्रोब भांड्याला न टेकवता मधोमध धरावा. शून्य दिसले पाहिजे. उकळत्या पाण्याची तपासणी करताना आपल्या ठिकाणाची उंची लक्षात घ्यावी, कारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. ही दोन टोके जुळली तरी मधला भाग जुळेलच असे नाही. त्यासाठी कोमट पाण्यात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब शेजारी धरून ३८ ते ४० अंशांना तुलना करावी. तो त्या पट्ट्यात ०.१ अंशापर्यंत विश्वासार्ह असतो, पण त्याहून गरम पाण्यात त्याला घालू नये.

तबकडीच्या दांड्यात द्विधातू पट्टी असते. ती टोकापासून काही सेंटीमीटर लांबीतले तापमान एकत्रितपणे टिपते, त्यामुळे तेवढा भाग बुडालेला नसेल तर आकडा खोटा येतो. मागचा नट फिरवून काटा जुळवता येतो, म्हणून पाणी तापवताना नजर ठेवायला ती बरी. मॅशचा निर्णय मात्र प्रोबवर घ्यावा. तोही नीट ढवळून दोन-तीन जागी पाहावा, कारण भांड्याच्या कडेला आणि मध्यभागी सहज दोन अंशांचे अंतर पडते.