मदत हवी आहे : लहान गेम की लांबलचक गेम, अधिक समाधान कशात मिळते?

नमस्कार. पुढचा गेम निवडण्यासाठी मला मदत हवी आहे. मात्र केवळ नावांची यादी नको, तर निवड करताना गेमच्या लांबीला किती महत्त्व द्यावे, याविषयी अनुभवी खेळाडूंचे मत हवे आहे. मला रोज खेळायला साधारण तासाभराचा वेळ मिळतो, सुट्टीच्या दिवशी थोडा अधिक. अशा परिस्थितीत दोन-चार तासांत संपणारे गेम एकामागून एक खेळावेत, की शंभर तासांचा एखादाच गेम हाती घेऊन काही महिने त्यातच रमावे, असा हा पेच आहे. चर्चा एकट्याने खेळायच्या, कथा असलेल्या गेमपुरतीच ठेवावी ही विनंती. ऑनलाइन स्पर्धात्मक गेमना शेवटच नसतो, त्यामुळे त्यांचा हिशेब निराळा आहे.

लहान गेमच्या बाजूने माझे मन का झुकते, ते आधी सांगतो. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ हा 2017 सालचा गेम दोन-अडीच तासांत संपतो. त्यात एका कुटुंबातील व्यक्तींच्या कथा एकेक करून उलगडतात आणि प्रत्येक कथा खेळण्याची रीत वेगळी आहे. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाचा प्रसंग मला या संपूर्ण माध्यमातील उत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो. कंट्रोलरवरच्या एका काडीने (अंगठ्याने फिरवायच्या स्टिकने) मासा उचलून पात्याखाली धरायचा आणि बाजूला सारायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या काडीने त्याच्या मनातल्या काल्पनिक राज्यात एका छोट्या आकृतीला चालवायचे. सुरुवातीला ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असते. मग ते वाढत जाते, रंगीत होते, आणि अखेर कारखाना जवळजवळ दिसेनासा होतो, तरीही एक हात मासे कापतच राहतो. त्या माणसाचे मन कुठे गेले आहे हे कोणी सांगत नाही, ते आपल्या दोन हातांना कळते. हाच प्रसंग वीस तास चालला असता तर त्याचा निव्वळ कंटाळा आला असता. जेवढे सांगायचे होते तेवढे सांगून तो थांबला, म्हणून तो लक्षात राहिला.

‘पोर्टल’चेही तसेच आहे. 2007 साली तो ‘द ऑरेंज बॉक्स’ या संचाचा भाग म्हणून आला आणि साधारण तीन-चार तासांत संपतो. त्यातील प्रत्येक खोली एक गोष्ट शिकवते, पुढची खोली त्या गोष्टीला नवे वळण देते, आणि शेवटच्या लढतीत आधी शिकलेलेच सारे कामी येते. उगीच ठेवलेली एकही खोली आढळत नाही. असा गेम संपवून उठताना, आपण तो खेळलो एवढेच नव्हे तर तो आपल्याला पूर्ण कळला, असे समाधान मिळते. लांब गेममध्ये ही पूर्णतेची भावना मला क्वचितच येते.

असे असूनही निर्णय होत नाही, कारण लांब गेममध्ये जे मिळते ते लहान गेम देऊ शकत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ (2018) सुरुवातीला इतका संथ आहे की बर्फातला पहिला अध्याय अनेकांना नकोसा होतो. पण दरोडेखोरांच्या टोळीच्या छावणीत रोज परत यावे, शेकोटीभोवतीच्या गप्पा ऐकाव्यात, कोणाचे कोणाशी बिनसले आहे ते हळूहळू कळावे, नायक आर्थरच्या वहीत त्याने काढलेली चित्रे चाळावीत, असे कित्येक तास गेल्यावर ती माणसे परकी राहत नाहीत. पुढे छावणीतला एखादा माणूस दिसेनासा होतो तेव्हा त्याची रिकामी जागा जाणवते, आणि ती जाणवण्यासाठी आधीचे ते ‘काहीच न घडणारे’ तास आवश्यकच होते. त्या गेमची चार तासांची आवृत्ती काढली तर घटना सगळ्या बसतील, पण ही ओढ उरणार नाही.

याउलट, जी लांबी केवळ भर घालण्यासाठी असते तिच्याविषयी मला खरोखर राग आहे. नकाशाभर शेकडो खुणा पेरायच्या, प्रत्येक खुणेवर तेच ते काम ठेवायचे आणि त्याला भव्यता म्हणायचे, ही रीत खेळाडूच्या वेळेचा अनादर करते. जानेवारी 2022 मध्ये ‘डाइंग लाइट 2’च्या निर्मात्यांनी, गेम शंभर टक्के पूर्ण करायला 500 तास लागतील असे अभिमानाने जाहीर केले, तेव्हा बऱ्याच खेळाडूंना आनंदापेक्षा धास्तीच वाटली आणि मुख्य कथा साधारण 20 तासांची आहे असा खुलासा त्यांना करावा लागला. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतही ‘वल्हाला’ (2020) या अवाढव्य गेमनंतर आलेला ‘मिराज’ (2023) मुद्दाम आटोपशीर ठेवला गेला. सोनीच्या प्लेस्टेशन गेम स्टुडिओंचे माजी प्रमुख शॉन लेडन यांनीही 2020 मध्ये, मोठ्या खर्चाचे गेम पुन्हा 12 ते 15 तासांचे झाले तर त्याचे स्वागत करू, अशा अर्थाचे मत मांडले होते. म्हणजे ही तक्रार फक्त वेळ कमी असलेल्या खेळाडूंची नाही.

आता माझ्या अडचणीचे मूळ. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1993 सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागी व्यक्तींनी एकदा 60 सेकंद हात थंड पाण्यात धरला; दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद आणि त्यापुढे आणखी 30 सेकंद, ज्यांत पाण्याचा थंडपणा किंचित कमी केला होता. कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, पण शेवटी थोडा सुसह्य झालेला अनुभव निवडला. अनुभवाची आठवण त्याच्या कालावधीपेक्षा त्यातील तीव्रतम क्षण आणि शेवट यांवर ठरते, असा त्यातून निघालेला निष्कर्ष आहे. गेमला हे लावून पाहिले की मला एक गोष्ट खटकते : अर्धवट सोडलेल्या गेमचा शेवट लेखकाने लिहिलेला नसतो, तर ज्या संध्याकाळी आपण कंटाळून तो बंद केला ती संध्याकाळच त्याचा शेवट ठरते. ‘द विचर 3’ (2015) मधील ब्लडी बॅरनची कथा मला अतिशय आवडली होती. तरीही त्या गेमचे नाव निघाले की आधी आठवतो तो पुढचा थकवा आणि मध्येच तुटलेला धागा. मध्ये खंड पडला की कोणते बटण कशासाठी, कोणती मोहीम कुठवर आली, हे आठवत नाही. पहिल्यापासून सुरू करण्याची इच्छा नसते आणि पुढे जाण्याची उमेद नसते.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. एखाद्या गेमची लांबी कारणी लागलेली आहे की केवळ ताणलेली आहे, हे खेळायला घेण्यापूर्वी किंवा पहिल्या काही तासांत कसे ओळखावे? खंड पडलेल्या लांब गेमकडे परत जाण्याची कोणती रीत तुम्हाला उपयोगी पडली? आणि रोजच्या एका तासात ज्याचे खरोखर चीज होईल असा एखादा मोठा गेम सुचवता येईल का? उत्तर देताना कथानक उघड होणार नाही याची कृपया काळजी घ्यावी.

प्रतिसाद 1

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, पण माझ्या मते आपण चुकीची लांबी मोजत आहात. एकूण तासांपेक्षा एका बैठकीत काय पूर्ण होते हे पाहिले पाहिजे. ‘हेडीज’ (2020) घ्या. पाताळातून सुटकेचा एक प्रयत्न साधारण अर्ध्या तासाचा असतो. तो फसला तरी नायक घरी परततो, तिथली पात्रे नव्याने काही बोलतात आणि कथा पुढे सरकते. श्रेयनामावली दिसण्यासाठी दहा वेळा यशस्वी सुटका करावी लागते, म्हणजे गेम मुळीच लहान नाही. तरीही प्रत्येक रात्री काहीतरी आरंभापासून अंतापर्यंत पार पडलेले असते. ज्याला रोज एकच तास मिळतो, त्याने शंभर तासांना घाबरण्याचे कारण नाही. ज्या गेममध्ये एक तास म्हणजे निव्वळ घोड्यावरून एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे, त्याला मात्र जपून असावे.

पैशांचा मुद्दा आपण घेतला नाही, पण तो या चर्चेत नेहमी आडवा येतो. ‘किमतीच्या मानाने किती तास’ हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून, खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे आणि तो असायलाच हवा. मात्र दीड तासात आपले म्हणणे पूर्ण करणारा गेम बनवणाऱ्या छोट्या निर्मात्याला त्याची झळ बसू शकते. ‘अ शॉर्ट हाइक’ (2019) सारखा गेम आवडला तर तो आपल्याकडेच ठेवावा, एवढी विनंती.

प्रतिसाद 2

मी लांब गेमचा चाहता आहे आणि आपण म्हणता ती पूर्णतेची भावना मला त्यांतही मिळते, फक्त तिला वेळ लागतो. ‘पर्सोना 5’ सारख्या गेममध्ये लांबी हाच विषय असतो. शालेय वर्ष एप्रिलपासून दिवसागणिक पुढे सरकते, आणि आजची संध्याकाळ मित्रासोबत घालवावी की अभ्यासात, हे रोज ठरवावे लागते. गेलेला दिवस परत येत नाही, म्हणून त्या निवडीला वजन येते. हे वीस तासांत उरकले असते तर दिवसांना किंमतच राहिली नसती. तेव्हा ओळखण्याची माझी खूण अशी : लांबी काढून घेतली तर गेमचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर ती कारणी लागलेली आहे.

आधीच अंदाज हवा असेल तर ‘हाऊ लाँग टू बीट’ या संकेतस्थळावर केवळ मुख्य कथेचे, मुख्य कथा व जोडकामांचे आणि सर्व काही पूर्ण करण्याचे तास वेगवेगळे दिलेले असतात. मुख्य कथा आटोपशीर आणि शेवटचा आकडा त्याच्या कितीतरी पट असेल, तर नकाशावरच्या खुणा निर्धास्तपणे सोडून द्याव्यात. कोणी निर्मात्याने ठेवले आहे म्हणून आपण ते केलेच पाहिजे असे नाही, हे मनाला पटायला मला बराच काळ लागला, पण पटल्यापासून मी अधिक गेम पूर्ण करतो आणि अधिक आनंदाने.

खंड पडण्याविषयी : गेम बंद करण्यापूर्वी ‘पुढे काय करायचे होते’ हे एका वाक्यात लिहून ठेवा. परत आल्यावर लगेच मुख्य मोहिमेला हात न घालता एखादे सोपे जोडकाम करा, म्हणजे बोटांना बटणे आठवतात. काही गेम स्वतःहून मदत करतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट 11’ सेव्ह फाइल (जतन केलेला खेळ) उघडताना आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगतो. ‘द विचर 3’ही फाइल उघडत असताना मागील घटनांचे निवेदन ऐकवतो, आपण ते घाईने पुढे ढकलत असाल तर एकदा शांतपणे ऐका, तुटलेला धागा कदाचित तिथेच सापडेल.

रोजच्या तासासाठी मी ‘आउटर वाइल्ड्स’ (2019) सुचवेन. ‘आउटर वर्ल्ड्स’ हा वेगळा गेम आहे, गल्लत करू नये. यात 22 मिनिटांचे कालचक्र पुन्हा पुन्हा फिरते, आणि प्रत्येक फेरीनंतर आपल्यापाशी उरते ते फक्त नव्याने कळलेले ज्ञान. शस्त्रे नाहीत, लेव्हल वाढवणे नाही. कळलेली प्रत्येक गोष्ट यानाच्या नोंदवहीत आपोआप जोडली जाते, आणि कुठे अजून काही शोधायचे बाकी आहे हेही तिथे दिसते. दोन आठवडे खंड पडला तरी ती नोंदवही वाचून पुढे जाता येते. एकूण साधारण 15 ते 20 तास लागतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एकूण तासांऐवजी एका बैठकीकडे पाहण्याचा मुद्दा मला सर्वांत उपयुक्त वाटला, कारण माझी अडचण नेमकी तिथेच होती : खेळून उठताना काही पार पडले असे वाटत नसे. मात्र एका बाबतीत मी अजून सहमत नाही. छावणीतल्या त्या संथ संध्याकाळी बैठकीच्या हिशेबात कधीच बसणार नाहीत आणि तरीही त्या मला हव्या आहेत. म्हणून असा एक मोठा गेम मी सलग सुट्टीसाठी राखून ठेवेन.

‘द विचर 3’ची फाइल उघडून निवेदन ऐकेन, पण त्याआधी ‘आउटर वाइल्ड्स’ घेतो. त्याला 2021 मध्ये ‘एकोज ऑफ द आय’ नावाचा विस्तार आला आहे. तो सुरुवातीपासून जोडून खेळावा, की मूळ गेम संपल्यावर घ्यावा?

प्रतिसाद 2

मूळ गेम संपल्यावरच घ्यावा. विस्तार त्याच सूर्यमालेत उघडतो, त्यामुळे आधीच जोडला तर दोन वेगवेगळे शोध एकमेकांत मिसळतात आणि कोणता दुवा कशाचा हे कळेनासे होते. शिवाय त्याची धाटणी बरीच अंधारी आहे, काही जागी भीतिदायकही. सेटिंग्जमध्ये भीती कमी करण्याचा पर्याय दिलेला आहे, तो गरज वाटल्यास निःसंकोच वापरा.