झाडपाल्याचं आहे, पण…

ताई, तुम्ही लिहिलंय की सोलच्या वैद्यांनी भाचीची प्रकृती बघून काढ्याची पाकिटं दिली, वजन उतरलं, आणि सगळं झाडपाल्याचं म्हणून काळजी नाही. प्रकृतीचं खरं आहे. कोरियन वैद्य ई जे-मा यांनी १८९४ मध्ये माणसांचे चार प्रकार मांडले, त्यावर हे ‘सासांग’ वैद्यक उभं आहे. (आपले वात-पित्त-कफ आठवतातच!) त्यातला ‘तेऊम’ प्रकार अंगाने सुटणारा मानतात. त्याला देतात त्या तेऊमजोवी-तांग काढ्यात चेस्टनट, मुळ्याचं बी वगैरे असतं आणि माह्वांग, म्हणजे एफेड्रा नावाची वनस्पती.

गोम इथेच आहे. त्यातल्या एफेड्रिन या द्रव्याने भूक मरते, पण छातीत धडधडणं, झोप उडणं, बीपी चढणं हेही त्याचेच प्रताप. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्राच्या सप्लिमेंट्सवर बंदी घातली. कोरियात परवानाधारक वैद्य माणूस तपासून हा काढा देतात, ती गोष्ट वेगळी. पण उरलेली पाकिटं सासूबाईंना द्यायचा बेत कृपया रद्द करा. त्यांना बीपीची गोळी चालू आहे असं तुम्हीच म्हणताय! भाचीच्या पाकिटात माह्वांग आहे का, किती आहे, हे तिला त्या वैद्यांनाच विचारू दे.