लंडन ते लिस्बन फक्त ट्रेनने, सोबत आईबाबा आहेत, प्लॅन जरा तपासून द्या

खिडकीची_जागा:
मंडळी, मदत हवीये. मे महिन्यात आम्ही चौघं, मी, नवरा आणि माझे आईबाबा, लंडनहून लिस्बनला जातोय आणि विमान नको असं बाबांनीच ठरवलंय. त्यांना खिडकीतून सगळं बघत बघत जायचंय आणि खरं सांगायचं तर मलापण. आई ६३, बाबा ६७, चालायला दोघंही ठणठणीत आहेत पण जिने आणि बॅगा एकत्र आले की अवघड होतं. आम्ही दोघं इथेच यूकेत राहतो, आईबाबा व्हिजिटवर आलेत.

आत्तापर्यंत कागदावर मांडलंय ते असं. पहिल्या दिवशी सकाळी सेंट पँक्रसवरून युरोस्टारने पॅरिस, तिथे स्टेशन बदलायला एक तास, मग गार द लियाँवरून थेट बार्सिलोना. बार्सिलोनाला दोन रात्री. मग माद्रिद, तिथे एक रात्र, आणि माद्रिदहून रात्रीच्या गाडीने लिस्बन. ही रात्रीची गाडी मी एका जुन्या लेखात वाचली होती, स्लीपर वगैरे आहे म्हणे, पण कुठल्याच साइटवर ती दिसत नाहीये, मी चुकीच्या जागी शोधतेय का? दुसरं म्हणजे पॅरिसला एक तास पुरेल ना, नकाशावर तर दोन्ही स्टेशनं जवळजवळच वाटतात. आणि पास काढावा की सुटी तिकिटं?

रूळबदल:
गाडी दिसत नाही कारण गाडीच नाही. माद्रिद-लिस्बन लुसितानिया आणि आँदायवरून येणारी सुद एक्स्प्रेस, दोन्ही मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. जुने लेख मात्र नेटवर तसेच फिरतायत, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हाच प्रश्न विचारतं. म्हणजे युरोपातल्या दोन शेजारच्या राजधान्या आणि मध्ये एकही थेट गाडी नाही, यावर मी पानभर लिहू शकतो पण तुमचा प्रश्न तो नाही.

माझं म्हणणं एवढंच की हा प्लॅन लंडनकडून आखूच नका, लिस्बनकडून उलटा आखा. लंडन-पॅरिसला दिवसभर गाड्या आहेत, बार्सिलोना-माद्रिदला तर रेन्फे, ओइगो, इर्यो अशा तीन कंपन्या एकाच रुळावर भांडतायत, तिथे एक हुकली तर दुसरी मिळते. अडतं ते स्पेन-पोर्तुगाल सीमेवर. तिथे तुमच्या कामाचे रस्ते दोनच.

एक, माद्रिदहून बादाहोस, तिथून छोट्या रेल्वेगाडीने एंत्रोंकामेंतो, मग लिस्बन. अख्खा दिवस जातो, आणि सीमेपलीकडची ती छोटी गाडी हुकली तर बादाहोसलाच मुक्काम. दोन, माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून व्हिगो, साधारण चार तास, आणि व्हिगोहून सेल्ता नावाची गाडी पोर्तोला, सव्वादोन-अडीच तास. सेल्ता दिवसाला दोनच, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. पोर्तो-लिस्बन मग अल्फा पेंदुलार या पोर्तुगालच्या वेगवान गाडीने तीन तासांच्या आसपास, ते सोपंय.

तर आधी सेल्ता कुठल्या दिवशी घ्यायची ते ठरवा आणि तिथून मागे मागे या. आईबाबा सोबत आहेत म्हणून मी दुसरा रस्ताच सांगेन, पोर्तोला दोन रात्री आपोआप मिळतात ते वेगळंच.

दोन_बॅगा_एक_पिशवी:
पॅरिसच्या एका तासाबद्दल लिहिते कारण हा भाग मला नीट माहितीये. नका करू. युरोस्टार येते ते गार द्यु नॉर, तिथून गार द लियाँ आरईआर डी या लोकल लाइनने दुसरंच स्टेशन आहे हे खरं, मध्ये फक्त शातले-ले-आल लागतं, गाडीत बसल्यावर दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांच्या आधी काय काय होतं ते बघा. युरोस्टारचा फलाट लांबलचक, तुमचा डबा शेवटचा असेल तर निम्मं स्टेशन चालून झाल्यावर तुम्ही बाहेर येता, मग खाली आरईआरकडे जायचं, मशीनपुढे रांग, तिकीट अडीच युरोच्या आसपास पण ते कार्डावर किंवा फोनवर घ्यावं लागतं आणि माणशी एक कार्ड लागतं, चौघांत एक चालत नाही. मग ते गेट, बॅग पुढे सरकवा, स्वतः आत शिरा, तोवर गेट मिटतं आणि बॅग पलीकडे, बाबा अलीकडे. दुसऱ्या टोकाला गार द लियाँ स्टेशनात हॉल वेगवेगळे आहेत, आपली गाडी कुठल्या हॉलला आहे ते बोर्डावर बघायचं आणि फलाट नंबर गाडीच्या थोडं आधीच लागतो. दीड तास म्हणजे कमीत कमी, मी दोन धरते. दोन तासात फारच वेळ उरला तर स्टेशनात बसून कॉफी प्या, त्यात काय बिघडतं. बॅगा जड असतील तर चौघांनी मिळून टॅक्सी करा, पॅरिसचा ट्रॅफिक धरून.

सेंट पँक्रसला पण वेळ ठेवा. फ्रेंच पोलीस पासपोर्ट तिथेच लंडनमध्ये तपासतात, पॅरिसला उतरल्यावर सरळ बाहेर. गाडी सुटायच्या ३० मिनिटं आधी गेट बंद होतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते ईईएस, म्हणजे युरोपात येण्याजाण्याची नोंद ठेवणारी यंत्रणा, सुरू झालंय, युरोपियन पासपोर्ट नसेल तर बोटांचे ठसे आणि फोटो. दीड तास आधी पोचा.

आणि शेंगेन व्हिसा ज्या देशात सर्वात जास्त रात्री आहेत त्या देशाकडे मागायचा, आधी फ्रान्समध्ये शिरताय म्हणून फ्रान्सकडे नाही. पोर्तोमुळे रात्री बदलतील तर आधी प्लॅन पक्का करा, मग अर्ज. आईबाबांचा यूके व्हिसा परत आत येण्यापुरता चालेल ना तेपण बघून ठेवा, हे लोक विसरतात.

खिडकीची_जागा:
बापरे, बरं झालं विचारलं. रात्रीच्या गाडीचं ऐकून बाबांचा चेहरा पडला पण पोर्तो म्हटल्यावर जरा खुलला. मग पासचं काय? चार प्रवासाचे दिवस होतायत असं दिसतंय.

हिशोबी_माणूस:
पासबद्दल मी.

आधी हे की तुम्ही दोघं यूकेत राहता म्हणून तुम्हाला इंटररेल लागेल आणि आईबाबा युरोपबाहेर राहतात म्हणून त्यांना युरेल, पासपोर्टवर काही नाही, राहता कुठे यावर. गाड्या जवळपास त्याच. ६० च्या पुढच्यांना पासवर १० टक्के सूट आहे. पण पास म्हणजे गाडीत जाऊन बसलं असं नव्हे, निदान या रस्त्यावर तरी नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम इकडे पास खिशात टाकून कुठल्याही गाडीत चढता येतं म्हणून लोक पासचं कौतुक करतात. तुमचा रस्ता नेमका उलटा आहे, युरोस्टारला रिझर्वेशन, टीजीव्हीला, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीला, रिझर्वेशन, स्पेनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना रिझर्वेशन, प्रत्येकाचे पैसे वेगळे. त्यातही युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात, गाडी अर्धी रिकामी असली तरी तुमच्यासाठी भरलेली असू शकते. ओइगोवर पास चालतच नाही.

तुमच्या तारखा ठरलेल्या आहेत ना, मग सुटी तिकिटं. लवकर काढली की पास कुठल्याकुठे मागे पडतो. आणि ज्येष्ठांच्या सवलती पासपेक्षा भारी आहेत. पोर्तुगालच्या सीपी रेल्वेत ६५ च्या पुढच्यांना अर्धं तिकीट, म्हणजे बाबांना पोर्तो-लिस्बन निम्म्यात, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. स्पेनमध्ये ६० च्या पुढे रेन्फेचं तार्हेता दोरादा कार्ड मिळतं, सहा युरोच्या आसपास, वर्षभर चालतं, ते आई आणि बाबा दोघांनाही. माद्रिद-व्हिगोसारख्या एका प्रवासातच वसूल.

एक मात्र लक्षात ठेवा, सुटी तिकिटं म्हणजे प्रत्येक तिकीट हा वेगळा करार. पहिली गाडी लेट झाली म्हणून दुसरी हुकली तर दुसरी कंपनी हात वर करू शकते. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे एक ते दोन तास उशिराला तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या पुढे ५० टक्के परत मिळतात, पण ते त्या लेट झालेल्या गाडीच्या तिकिटाचे, हुकलेल्या गाडीचे नाहीत. माझी एकदा अशीच गाडी हुकली तेव्हा आधीच्या गाडीच्या टीसीने उशिराची नोंद तिकिटावर करून दिली होती आणि तेवढ्यावर पुढच्या काउंटरवाल्या बाईंनी कुरकुर करत का होईना नंतरच्या गाडीत बसवलं. कंपन्यांचा आपसात तसा समझोता आहे, एजेसी म्हणतात, पण तो सगळीकडे लागू नाही आणि स्वस्तातल्या कंपन्यांकडून तर अपेक्षाच नको. म्हणून उतरायच्या आधी गाडीतच टीसीला गाठा, एकदा फलाटावर उतरलात की कोण कोणाला विचारतंय.

तळ्याकाठी:
सगळे पॅरिसच धरून चाललेत म्हणून मध्ये बोलतो. युरोस्टार लिलला थांबते, तिथे लिल युरोप स्टेशनवरूनच दक्षिणेकडे थेट टीजीव्ही सुटतात, माँपेलियेपर्यंत. स्टेशन बदलणं नाही, मेट्रो नाही, ते गेटचं नाटक नाही. माँपेलियेला रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी तीच पॅरिस-बार्सिलोना गाडी तिथून पकडा, तीन तासांत बार्सिलोना. एका दिवसात लंडन-बार्सिलोना होतं हो, पण सेंट पँक्रसला पहाटे हजर आणि बार्सिलोनाला रात्री नऊ-साडेनऊ, साठीच्या माणसांना हे कशाला? फक्त तिकीट काढताना नीट बघा, माँपेलियेला साँ-रॉक हे गावातलं आणि सुद द फ्रान्स हे गावाबाहेरचं अशी दोन स्टेशनं आहेत.

शिवाय या गाडीचा सगळा मजा दुसऱ्या अर्ध्यात आहे आणि दमलेला माणूस तेव्हा झोपलेला असतो. सेत ते पर्पिन्याँ रूळ खाऱ्या तळ्यांच्या मधून जातो, नार्बोनच्या पुढे तर दोन्ही बाजूंना पाणी, फ्लेमिंगो उभे दिसतात पाण्यात, आणि गाडी तिथे फार वेगात नसते. जागा वरच्या मजल्यावर घ्या, टीजीव्ही डबल डेकर आहे, खालून कुंपणं दिसतात. डावी बाजू समुद्राची. वर जायला एक जिना आहे पण बॅगा खालीच ठेवता येतात.

रूळबदल:
लिलचं पटलं, मी पण तेच करेन. मे महिना आहे तर १ आणि ८ मे फ्रान्समध्ये सुट्ट्या, त्याच्या आगेमागे तिकिटं लवकर संपतात. संपाची बातमी आली तर घाबरून तिकीट रद्द करू नका, आदल्या संध्याकाळी पाचला कुठल्या गाड्या धावणार ते जाहीर होतं.

खिडकीची_जागा:
खूप आभार सगळ्यांचे. तर आता असं: लंडन-लिल-माँपेलिये, एक रात्र. माँपेलिये-बार्सिलोना, दोन रात्री. बार्सिलोना-माद्रिद, एक रात्र. मग दुपारी माद्रिदहून व्हिगो आणि त्याच संध्याकाळी सेल्ताने पोर्तो, मध्ये ४० मिनिटं मिळतायत. पोर्तो दोन रात्री, मग लिस्बन. बरोबर ना?

रूळबदल:
व्हिगो सोडून सगळं बरोबर. माद्रिदची गाडी व्हिगो उर्साइसला येते आणि सेल्ता सुटते व्हिगो गिशारवरून, दोन वेगळी स्टेशनं. पायी पंधराएक मिनिटं, उर्साइस वर आणि गिशार खाली बंदराशी, म्हणजे उतार. ४० मिनिटांत तरुण माणूस करेल, तुमचं लटांबर नाही. शिवाय संध्याकाळची सेल्ता पोर्तोला रात्री पोचते. व्हिगोला रात्र काढा, गिशारजवळ हॉटेल बघा, सकाळची गाडी घ्या. उजव्या बाजूला बसवा त्यांना, तुईजवळ मिन्यो नदीचा १८८६ चा पूल आहे, वर रेल्वे आणि खाली मोटारी, तो ओलांडला की पोर्तुगाल, मग नदी आणि पुढे समुद्र उजवीकडेच.

चामार्तिनला जायचं विसरू नका, बार्सिलोनाची गाडी बहुतेक करून अतोचाला सोडते. रेन्फेच्या लांबच्या तिकिटावर कोंबिनादो सेर्कानियास असा कोड असतो, तो मशीनमध्ये टाकला की अतोचा-चामार्तिन लोकलचं तिकीट फुकट. स्पेनमध्ये वेगवान गाड्यांना बॅगा स्कॅन होतात आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी आत सोडणं बंद, तर अर्धा तास आधी जा.

खिडकीची_जागा:
व्हिगोची रात्र टाकली. पोर्तोला पोचल्यावर घड्याळ एक तास मागे ना?

हिशोबी_माणूस:
हो, पोर्तुगाल लंडनच्याच वेळेवर आहे, स्पेनच्या मागे एक तास. सेल्ताच्या तिकिटावर सुटायची वेळ स्पेनची आणि पोचायची पोर्तुगालची असते म्हणून प्रवास तासभर कमी वाटतो. तिकीट आधीच काढून ठेवा, गाडी अगदी छोटी असते.