मेगर मधूनच भलता आकडा दाखवतो, मदत हवी आहे

मंडळी, मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. 500 व्होल्टचा डिजिटल मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन किती चांगलं ते मोजायचं यंत्र) आठवडाभर छळतोय. परवा 5 एचपीची मोटर, वार्निश मारून भट्टीत वाळवलेली. सकाळी 200 मेगाओहमच्या वर, दुपारी तीच थेट 2 मेगाओहमपर्यंत घसरली! गिऱ्हाईक समोर उभं. वाइंडिंग उगाच उघडणार होतो.

मग मेगरच्या दोन्ही लीड (मोजायच्या वायरी) हवेत मोकळ्या धरल्या, तेव्हा आकडा वरच राहायला हवा, तरी मधूनच पडतो. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष. क्लिपा एकमेकींना जोडल्या की शून्य येतो, पण लाल वायर क्लिपेच्या मुठीपाशी वाकवली की आकडा नाचतो. सेल नवे घातले, क्लिपा स्पिरिटने पुसल्या, फरक नाही.

नुसती लीड बदलून भागेल, की सॉकेटमध्ये ओल धरून गळती होत असेल? पावसाळ्यातच हे सुरू झालंय. कुणी मेगर उघडून साफ केलाय का?