मदत हवी आहे: पावसाळाभर उभी असलेली पद्मिनी सेल्फ घेते, पण सुरू होत नाही (ठाणे)

कोलशेत_पद्मिनी
गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९० मॉडेल, १०८९ सीसी पेट्रोल, इग्निशन मूळचंच पॉइंटवालं (डिस्ट्रिब्युटरमधले उघडमीट करणारे दोन धातूचे संपर्क, ज्यांच्यामुळे ठिणगी पडते). जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. कोपरा खाडीच्या बाजूचा, त्यामुळे पावसाळाभर लादी ओलीच.

बॅटरी नवीन आहे. उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. इंजिन जोरात फिरतं, पण एकदाही फायर होत नाही. आतापर्यंत चारही प्लग बदलले (गॅप ०.६ मिमी), चोक पूर्ण ओढून आणि न ओढता दोन्ही प्रकारे पाहिलं, टाकीत जुनं ८ लिटरच्या आसपास होतं त्यात ५ लिटर नवं घातलं. प्लग काढले तर टोकं ओलसर, पण पेट्रोलचा वास म्हणावा तसा येत नाही.

मेकॅनिकचं म्हणणं, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि अख्खा डिस्ट्रिब्युटर (ते एकेका प्लगला वाटणारा) बदला, कार्बोरेटर ओव्हरहॉल करा. नोंदणीची पाच वर्षांची मुदत संपत आल्याने पुढच्या महिन्यात गाडी आरटीओला न्यायची आहे. खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आणि फिलर गेज आहे.

पॉइंट_गॅप
अजून काहीच विकत घेऊ नका. आधी करंट येतोय का ते बघा, पेट्रोलकडे नंतर वळू. सेल्फवर १०.४ व्होल्ट टिकतात म्हणजे बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी यांचा प्रश्न नाही.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर कॅपमधून काढा आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूपासून ५-६ मिमीवर धरा. हातात धरू नका, लाकडी चिमटा किंवा प्लास्टिकच्या मुठीची पक्कड घ्या. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक ठिणगी म्हणजे करंट कमजोर.

ठिणगी नसेल तर दोन मोजमापं द्या, दोन्ही चावी ऑन ठेवून: कॉइलच्या अधिक टोकावर किती व्होल्ट, आणि वजा टोकावर (डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते ते) सेल्फ फिरत असताना किती.

कोलशेत_पद्मिनी
ठिणगी अजिबात नाही. अधिक टोकावर १२.३. वजा टोकावरही १२.३, सेल्फ मारताना ११ पर्यंत उतरतं पण तिथेच स्थिर राहतं, वरखाली होत नाही.

पॉइंट_गॅप
मग बरंच उलगडलं. पॉइंट मिटले की वजा टोक अर्थला जोडलं जातं, उघडले की सुटतं, त्यामुळे सेल्फवर मीटर नाचायला हवा. तुमचा सतत बॅटरीइतकाच दाखवतो, म्हणजे कॉइल अर्थपर्यंत पोचतच नाही. उलट सतत शून्य आलं असतं तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या पडू न देणारा छोटा भाग) शॉर्ट असेल किंवा पॉइंटच्या बोल्टखालचा इन्सुलेटिंग वॉशर गेला असेल, असं म्हटलं असतं.

कॉइल जिवंत आहे का हे एका मिनिटात कळतं. जाड वायर आधीसारखीच धरा, चावी ऑन, आणि वजा टोकाला एक सुटी वायर लावून तिचं दुसरं टोक इंजिनला टेकवून झटकन उचला. उचलताना ठिणगी पडली तर कॉइल चांगली. चावी बंद करून, वायरी सोडवून रेझिस्टन्सही मोजा: रेझिस्टरशिवाय चालणाऱ्या १२ व्होल्ट कॉइलचं प्रायमरी ३ ओहमच्या आसपास येतं. पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून ४ अँपिअर वाहतात, म्हणून चावी ऑन करून गाडी उभी ठेवू नका, कॉइल तापून जळते.

आता कॅप काढा. आतून ओली असेल तर सुक्या कापडाने पुसा, कार्बनचा मधला खुंट जागेवर आहे ना ते बघा. प्लग काढून ठेवलेत तर पंख्याच्या पट्ट्यावरून इंजिन हाताने फिरतं. पॉइंट मिटलेल्या जागी आणा, चावी ऑन करा, हलत्या पॉइंटच्या हातावर व्होल्टेज मोजा. ०.२ च्या आत हवं. १२ आलं तर पॉइंटवर ऑक्साइडचा थर चढलाय, किंवा आतल्या प्लेटची अर्थची बारीक वायर तुटलीय. खाडीकाठी चार महिने उभ्या गाडीत माझा कौल थराला. डोळ्यांना पॉइंट स्वच्छ दिसले तरी हा थर करंट अडवतो.

चावी बंद करून ४०० नंबरचा पॉलिश पेपर दोन्ही पॉइंटमधून चार-पाच वेळा फिरवा. कानसीने घासू नका, पृष्ठभाग वाकडा होतो. मग पेट्रोलमध्ये बुडवलेली कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी आणि शेवटी कोरडी पट्टी ओढा. पॉलिश पेपरचा कण राहिला तर पुन्हा तेच रडगाणं. इंजिन फिरवून पॉइंट कॅमच्या (डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट उघडणारा फिरता दांडा) टोकावर पूर्ण उघडे असताना गॅप ०.४५ मिमी ठेवा. कॅमवर ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढंच; जास्त झालं की उडून पॉइंटवर जातं.

फ्लोट_चेंबर
पॉइंटबद्दल सहमत, पण "वास येत नाही" हे वाक्य सोडू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. ओल मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. प्लग ओले, पण वास नाही, याचा अर्थ तो खालचा थर सिलिंडरमध्ये जात असावा. वरून नवं पेट्रोल घालून हे सुटत नाही.

एसी पंपाकडे (इंजिनवरचा पेट्रोल ओढणारा पंप) टाकीतून येणारा पाइप काढा, पाव लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठतं ती वाटी) पुसून मेन जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला स्क्रू) काढा आणि हवेने साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

डिपस्टिकही बघा. तेलाची पातळी वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटलाय. तेल बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका. जुने रबरी पाइप इथेनॉलने आतून मऊ पडतात. बदलताना जे३०आर९ (पेट्रोल पाइपचा दर्जा) छापलेला पाइप मागा.

कोलशेत_पद्मिनी
मिटलेल्या पॉइंटवर ११.९ आलं! साफ केल्यावर ०.१. कॉइलचं प्रायमरी ३.२ ओहम. आता ठिणगी निळी, ६ मिमी सहज ओलांडते. बाटलीत तळाला बोटभर वेगळा थर होता, म्हणून टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे केले. डिपस्टिक ठीक. ५ लिटर ताजं घातलं, दहा-दहा सेकंदांच्या चौथ्या सेल्फला गाडी सुरू झाली. आयडल मात्र खालीवर होतं, आणि रेस दिली की कधी कधी अडखळते.

पॉइंट_गॅप
चार सेल्फ लागले ते पाइप आणि चेंबर भरायला. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतलं नाहीत हे उत्तम, बॅकफायर झाला तर तिथेच आग लागते.

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं. गॅप वाढवलात तर पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. त्यामुळे पुलीवरची खूण धरून डिस्ट्रिब्युटर पुन्हा लावा, मगच आयडलच्या स्क्रूला हात लावा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही बिघडतील. अडखळणं तरीही राहिलं तर अंधारात, इंजिन चालू असताना कॅपच्या फटीतून पॉइंटकडे बघा: तिथे ठळक निळ्या ठिणग्या पडत असतील तर कंडेन्सर गेलाय. तो स्वस्त असतो, पण वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेला घेऊ नका, नवा म्हणूनही मेलेला निघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी संपल्यापासून जुना साठा फिरतोय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलात तर दोन घ्या.

फ्लोट_चेंबर
काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. लोखंडी डब्यात, झाकण लावून, सावलीत ठेवा. आरटीओला जाण्याआधी एकदा घोडबंदर रोडला फेरी मारून या. ट्रॅफिकमध्ये इंजिन गरम झाल्यावरच पंपाचे जुने पाइप झिरपतात, पार्किंगमध्ये दिसत नाहीत.

पॉइंट_गॅप
आणि पॉइंट नवे टाकलेत तर ५०० किलोमीटरनंतर गॅप परत मोजा. कॅमवर घासणारी टाच सुरुवातीला झिजते आणि गॅप कमी होतो.