दहावीतला मुलगा, बायपोलर. शाळेत जातच नाही. मदत हवी आहे

चिंचगूळ:
पटकन सांगा कुणीतरी. तीन आठवडे शाळा बंद. डॉक्टर म्हणतात मूड आता ताळ्यावर आहे. मग घरात का बसतो? मित्र दारातूनच परत जातात, क्रिकेटची बॅट माळ्यावर.

निशाचर:
निदान कधी झालं? गोळ्या कुठल्या?

चिंचगूळ:
दीड वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत, रोज मी स्वतः देते. प्रश्न शाळेचा आहे.

अण्णा_सातारकर:
गोळ्यांनीच पोरं सुस्तावतात. माझ्या भाच्याला ब्राह्मी घृत आणि पहाटे सूर्यनमस्कार. सहा महिन्यांत ठणठणीत.

निशाचर:
अण्णा, भाच्याला बायपोलर होतं?

अण्णा_सातारकर:
अभ्यासात लक्ष नव्हतं.

निशाचर:
झालं!

खारेदाणे:
माझ्या लेकीचा मूड सावरला तरी शाळेला चार महिने लागले. मूडसाठीच्या लिथियमच्या गोळ्यांनी सारखी तहान, सारखं बाथरूम. पोरी हसायच्या. शेवटी बाईंना भेटून दाराजवळचा बाक मागितला. तुमचाही लिथियमवर आहे का?

टिपणीस_काका:
अपंगत्व प्रमाणपत्र काढून ठेवा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही आहे.

निशाचर:
काका, हे कुणी विचारलं?

चिंचगूळ:
हो, लिथियमच. वजन ११ किलो वाढलंय, गणवेशाची बटणं लागत नाहीत. म्हणून सासूबाईंनी दहा दिवस अळणी जेवण सुरू केलंय. काल वहीत तारीख घालताना हात इतका थरथरला की आकडे वाचता येईनात. सकाळपासून दोनदा उलटी.

निशाचर:
अहो, हे आधी सांगायचं! मीठ तोडलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, रक्तातली पातळी चढते. उलट्यांनी अजून. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. लागला नाही तर सरळ हॉस्पिटल. आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी अजिबात देऊ नका.

अण्णा_सातारकर:
लिंबू सरबत द्या तोवर.

टिपणीस_काका:
१४४१६, टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात.

खारेदाणे:
काका, एरवी चांगलंय. आत्ता फोनवर बोलत बसायची वेळ नाही, रक्त तपासायला हवं.

चिंचगूळ:
डॉक्टर उचलत नाहीत. रिक्षात आहोत. इतक्या दिवसांत आत्ता बोलला, सर पाण्याची बाटली बाकावर ठेवू देत नाहीत म्हणे.

खारेदाणे:
बाटलीचं नंतर बघू, मी सांगते काय करायचं. शेवटची गोळी किती वाजता दिली ते आठवून ठेवा, तिथे पहिलं तेच विचारतील.