१,७८,००० किलोमीटर झालेली गाडी: कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका

मानेवाडाकर

बाबांची वॅगनआर आहे. २०११ ची, पेट्रोल, हजार सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन. मीटरवर १,७८,०००. नोंदणीची १५ वर्षं यंदा भरतात. म्हणजे आरटीओची तपासणी, ५,००० रुपये नूतनीकरण शुल्क, वर पर्यावरण कर, आणि मग पुढच्या ५ वर्षांची आरसी. एवढं करण्याआधी इंजिनात किती दम उरलाय ते पाहावं म्हणून गाडी एका गॅरेजात नेली. सकाळच्या पहिल्या सेल्फला थोडा निळा धूर येतो, एवढंच सांगितलं. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली, ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरला आणि म्हणाला, "रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागेल. ३८,००० धरून चाला."

हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून पिस्टनवरच्या रिंगा बदलण्याचं काम. आणि हे सांगताना एक स्पार्क प्लगसुद्धा खोलला नाही. बाबा तर गाडी विकायलाच निघाले होते.

मग इथेच नागपुरात, हिंगणा रोडला, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) असलेला एक जण सापडला. त्यानं इंजिन गरम करून घेतलं, तिन्ही प्लग काढले, फ्युएल पंपाचा फ्यूज उपसला आणि मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा झटके सेल्फ मारायला लावला. आकडे आले १६५, १६०, १६८ पीएसआय. पेट्रोल इंजिनात साधारण १५० च्या वर आकडा आणि सिलिंडरा-सिलिंडरांत १० टक्क्यांच्या आत फरक असेल, तर ते इंजिन रिंगांसाठी उघडायचं कारण मला दिसत नाही. खर्च आला ७०० रुपये.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीचं इंजिन हात लावून, कान देऊन सांगता येतं असं म्हणणाऱ्याला आधी गेज लावायला सांगा. नसेल गेज, तर गाडी तिथून काढा.

जुना गॅरेजवाला

भाऊ, आकडे चांगले हायेत, मान्य. पण ते कशाचे हायेत ते समजून घ्या. पिस्टनले तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पुसून काढते. ते खालची कार्बननं चिकटली तरी वरच्या दोन धड असल्या तं गेज १६५ च दाखवते, आन् गाडी ऑइल पित राह्यते. म्या असे पिस्टन हातात घेतले हायेत, ऑइल रिंगची भोकं काळ्या डांबरावानी भरलेली. मालक म्हने, कॉम्प्रेशन तं बरोबर हाय.

झाकनावर हात ठेवनं काही अंदाजपंचे नाही. खालून धक्क्या-धक्क्यानं हवा येऊन राह्यली का, ते हाताले समजते. तुमच्या मिस्त्रीनं पाच मिनिटांत भाव सांगितला ते चुकलं, पण म्हनून हाताचं ज्ञान खोटं नाही होत.

मानेवाडाकर

काका, ऑइल रिंगचं तुमचं बरोबर आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण हाताला लागणारी हवा किती म्हणजे जास्त? हे मिस्त्री-मिस्त्रीगणिक बदलतं. १,७८,००० किमी चाललेल्या प्रत्येक गाडीत थोडी हवा खाली जातेच. गेजवरचा आकडा बाबांना दाखवता येतो, दुसऱ्या गॅरेजवाल्याला दाखवता येतो, वर्षभरानं पुन्हा मोजून ताडून पाहता येतो.

सदरची चालक

दोघांच्या मधलं एक सांगते. धूर येतो एवढं पुरेसं नाही, धूर कधी येतो ते पाहा. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या सेल्फला भुर्रकन निळा धूर आणि मग साफ, असं असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील, म्हणजे झडपांवरून ऑइल खाली गळू न देणाऱ्या रबरी टोप्या, कडक झालेत. वरून ऑइल रात्रभर थेंबथेंब गळत बसतं. चढावर किंवा ओव्हरटेक करताना, जोर लावला की निळा येत असेल तर रिंगा.

आपलं शहर बरंचसं सपाट, म्हणून हे सहज कळत नाही. मी माझ्या गाडीचं असं पाहिलं: सेमिनरी हिल्सच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढून खाली आले आणि खाली पोचल्यावर एकदम दाबलं. मागे भाऊ दुचाकीवर होता. त्याला निळा ढग दिसला. उतारावर इंजिन जोरात हवा ओढतं, सील ढिले असले तर ऑइलही ओढलं जातं. सील बदलले, धूर गेला.

आणि डिसेंबरात सकाळी येणारी पांढरी वाफ पाहून घाबरू नका, दोन-चार मिनिटांत गेली तर ते पाणी असतं. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय आणि कुलंट कमी होतंय, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं.

अजून एक, जुने पीयूसीचे कागद फेकू नका. पेट्रोल गाडीच्या कागदावर सीओ आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. ते दरवेळी चढत असतील तर काहीतरी नीट जळत नाहीये. हा पुरावा घरात फुकट पडलेला असतो.

खापरी टोल

मला हा सगळा वादच चुकीच्या जागी वाटतो. नागपुरात इंजिन किलोमीटरनं मरत नाही, उष्णतेनं मरतं. मे महिन्यात ४५ अंशांत, एसी लावून, वर्धा रोडच्या सिग्नलला उभी राहिलेली गाडी तापते आणि हेड वाकतं. आदल्या आठवड्यात कॉम्प्रेशन १६५ असेल, त्याचा काय उपयोग?

आधी हे पाहा. रेडिएटरमध्ये कुलंट आहे की बोअरचं पाणी? आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. चार उन्हाळे तेच ओतलं की आतून क्षार धरतो, बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर धरतो तसा. पाणी फिरतं, पण उष्णता उचलत नाही. दुसरं, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर आहे का? उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची इकडे पद्धतच पडली आहे. मग हिवाळ्यात इंजिन धड गरम होत नाही, थंड समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, ते पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. रिंगा त्यानं झिजतात! ज्या रिंगांवर तुम्ही भांडताय त्या. तिसरं, पंखा वेळेवर लागतो का, होज पाइप दाबून पाहा, फुगलेत की कडक झालेत.

ही गाडी घेऊन कोणी समृद्धीवर जाणार असेल तर अजूनच. तिथं १२० ची परवानगी आहे म्हणून जुनी हजार सीसीची गाडी दुपारी तास-तास त्या वेगानं ताणू नका. ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे, गाडी मध्ये बसली तर मदत यायला वेळ लागतो.

माझं मत: ते ७०० रुपये कुलंट बदलण्यात घाला.

मानेवाडाकर

कुलंटचं मान्य, आणि थर्मोस्टॅट उद्याच पाहतो. पण दोन्हीत भांडण कुठे आहे? कुलंट बदलल्यानं मला ३८,००० चं उत्तर मिळत नाही. माझ्यासमोर आज प्रश्न आहे तो इंजिन उघडायचं की नाही हा.

बुटीबोरी डिझेल

पेट्रोलवाल्यांनी गेजची शिफारस सगळ्यांना करू नये, एवढं सांगायला आलो. माझी डिझेल आहे, २,१०,००० किमी. डिझेलला पेट्रोलचं गेज चालत नाही, दाब दुपटीहून जास्त असतो, आणि गेज लावायला ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आत उष्णता देणारा प्लग) किंवा इंजेक्टर काढावा लागतो. दहा-बारा वर्षं जागचा न हललेला ग्लो प्लग हेडमध्ये तुटला की पुढचं काम मोजणीपेक्षा कितीतरी महाग. माझा एक तुटला. हेड उतरवावं लागलं. चांगलं चालणारं इंजिन मी फक्त खात्री करायला गेलो म्हणून उघडलं गेलं.

आता मी दर १,००० किमीला डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहतो आणि वहीत लिहितो. बाकी काही मोजत नाही.

सदरची चालक

हे खरंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिझेलला आधी डिपस्टिक, इंजेक्टरची रीडिंग स्कॅनरवर, आणि ग्लो प्लग अगदी शेवटी. मानेवाडाकर, तुम्हीही स्कॅनर लावून घ्या. पण लावणाऱ्याला विचारा की जुने कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाड) आधी पुसलेत का. कोड पुसून गाडी दाखवणारे असतात. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण व्हायला काही दिवस चालवावी लागते, तोवर स्कॅनर "सगळं ठीक" म्हणतो.

महाल_सेकंडहँड

मी दोन जुन्या गाड्या घेतल्या आहेत, एकीत फसलो. बघायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं आणि आत जाड ऑइल भरलं होतं. धूर नाही, आवाज नाही. पंधरा दिवसांनी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं पातळ ऑइल टाकलं आणि खरं रूप दिसलं. तेव्हापासून सकाळी सातला जातो, न सांगता, आणि सेल्फ मारायच्या आधी बॉनेटला हात लावून पाहतो.

धाग्याच्या मुद्द्यावर मी मानेवाडाकरांच्या बाजूनं आहे. विकत घेताना मालक प्लग काढू देत नसेल तर मी तिथून निघतो.

जुना गॅरेजवाला

मानेवाडाकर, एक काम करा. ऑइल बदलून वरच्या खुनेपर्यंत भरा, मीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटर झाले की सपाट जागी, सकाळी, गाडी थंड असताना डिपस्टिक पाहा आन् पुन्हा त्याच खुनेपर्यंत भराले किती मिली लागलं ते मापानं मोजा. पाव लिटर लागलं तं काही करू नका. एक लिटर लागलं तं ते गेज विसरा, ऑइल रिंग गेली. तिन्ही प्लगचे फोटोबी टाका, कोन्या एकावरच काळं ओलं ऑइल हाय का ते पाहा.

मानेवाडाकर

दीड महिन्यानं परत आलोय. काकांनी सांगितलं तसं केलं. १,०४० किमी चालवली, त्यात बाबांना घेऊन वर्ध्याला दोन खेपा. भरायला लागलं साधारण ३२० मिली. प्लग तिन्ही कोरडे, दोन नंबरचा थोडा जास्त काळा. धूर अजूनही फक्त सकाळच्या पहिल्या सेल्फला. सेमिनरी हिल्सच्या उतारावरही करून पाहिलं, मागून मित्रानं निळा पाहिला. स्कॅनरवर मिसफायरचा कोड नाही. आणि खापरी टोल, थर्मोस्टॅट खरंच नव्हता. कोणी काढला, बाबांनाही आठवत नाही. नवा बसवला, कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरलं.

सील बदलायचे ठरवले आहेत. हिंगणा रोडवाला हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून व्हॉल्व्ह वर रोखून करतो म्हणाला. आरसीच्या नूतनीकरणाचा अर्ज या आठवड्यात.

जुना गॅरेजवाला

३२० मिली अन् वर्ध्याच्या खेपा धरल्या तं रिंग बरी हाय, माझं म्हननं मागं घेतो. पन हेड न उतरवता सील बदलनं मले पटत नाही. व्हॉल्व्ह गाइड (झडपेची दांडी ज्यात सरकते ते नळी) झिजले असतील तं नवा सील वर्षभरात पुन्हा गळते, आन् गाइड पाहाले हेड उतरवावंच लागते. झडपेले हातानं हलवून पाह्याले सांगा त्याले, स्प्रिंग काढल्यावर. डुगडुगली तं तिथंच थांबवा.

मानेवाडाकर

शनिवारी काम आहे. मी समोर उभा राहून हलवून पाहायला सांगतो, आणि पुढच्या हजार किलोमीटरचं ऑइल इथेच लिहितो.